गिधाडांच्या जागी कुत्री

ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीतील भटक्या कुत्र्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गाजला. ११ ऑगस्टच्या आदेशाने सारी कुत्री पकडून निवाऱ्यांत ठेवावयास सांगितले. २२ ऑगस्टच्या आदेशाने त्यात बदल झाला आणि पिसाळलेली व आक्रमक कुत्री वगळता इतरांना निर्बीजीकरण व लसीकरणानंतर मूळ ठिकाणी सोडावे, असे ठरले. मधल्या अकरा दिवसांत देशभर जो वाद रंगला त्यात प्राणिमित्र होते, चावा बसलेल्या मुलांचे पालक होते, नगरपालिकांचे अधिकारी होते आणि कायदेपंडितही होते. गिधाडांचे नाव मात्र क्वचितच कोणी घेतले. वस्तुतः भारतातील भटक्या कुत्र्यांचा गेल्या तीस वर्षांचा इतिहास कोणी लिहावयास घेतला, तर शहरी कचऱ्याच्या प्रकरणाइतकेच मोठे प्रकरण त्याला गिधाडांवर लिहावे लागेल.

गिधाडाला मराठी भाषेने तरी कधी बरे म्हटले नाही. दुसऱ्याच्या विपत्तीवर नजर ठेवणारा तो 'गिधाडासारखा टपलेला', मेलेल्याच्या टाळूवरचे लोणी खाणाऱ्यांच्या पंक्तीत त्याची गणना. जटायू हा काय तो अपवाद. त्याचे स्थान म्हणून इगतपुरी तालुक्यातील टाकेद आजही दाखविले जाते. पण पुराणातल्या जटायूला हात जोडणाऱ्या समाजाने गावाबाहेरच्या झाडावरील त्याच्या वंशजांकडे तिरस्कारानेच पाहिले. ते नाहीसे झाले तेव्हा म्हणूनच बराच काळ कोणाच्या ध्यानातही आले नाही.

स्पर्धा आणि वाटणी

जीवसृष्टीतील स्पर्धेची कल्पना अर्थशास्त्राच्या उसनवारीवर उभी आहे, असे म्हटले तर ते फारसे चूक ठरू नये. १८३८ साली डार्विनने माल्थसचा लोकसंख्येवरील निबंध वाचला आणि जगण्यासाठीच्या झगड्याचे सूत्र त्याच्या हाती लागले. पुढे जवळजवळ एका शतकाने गाउझे या तरुण रशियन शास्त्रज्ञाने हा झगडा काचेच्या नळीत घडवून आणला. पॅरामेशियम या सूक्ष्म जीवाच्या दोन जाती त्याने एकाच नळीत, एकाच अन्नावर वाढविल्या. काही दिवसांतच एक जात उरली आणि दुसरी संपली. याच जीवाची दुसरी एक जोडी मात्र एकत्र नांदली, कारण तीतील एक जात वरच्या पाण्यातील जीवाणू खात राहिली आणि दुसरी तळाशी बसलेल्या यीस्टवर जगली. १९३४ च्या त्याच्या ग्रंथातील हे निष्कर्ष परिसरविज्ञानाचा पाया ठरले. एकच ताट हवे असलेल्या दोन जाती फार काळ शेजारी राहू शकत नाहीत; राहिल्याच, तर त्यांनी ताटाची कोठेतरी वाटणी केलेली असते. जुन्या वाड्याच्या भिंतीत जसे निरनिराळ्या वस्तूंसाठी निरनिराळे कोनाडे असत, तसा जीवसमूहात प्रत्येक जातीचा आपला एक कोनाडा असतो.

मेलेल्या गुराभोवती जमणारी गर्दी हे या वाटणीचे उत्तम उदाहरण होय. दुरून पाहणाऱ्याला तेथे नुसती झोंबाझोंबी दिसते. पण हान्स क्रुक या शास्त्रज्ञाने पूर्व आफ्रिकेतील गिधाडांचे निरीक्षण करून १९६७ मध्ये दाखवून दिले की, या गोंधळाला शिस्त असते. जाडजूड चोचीची काही गिधाडे चामडे आणि स्नायुबंध फाडतात. लांब, उघड्या मानेची गिधाडे शरीराच्या आत डोके खुपसून मऊ मांस ओढून काढतात. बारीक चोचीची लहान गिधाडे हाडांवरचे आणि आसपास सांडलेले तुकडे टिपतात. भारतातही हीच पंगत बसत असे. पांढऱ्या पाठीची आणि लांब चोचीची गिधाडे मोठ्या थव्यांनी येऊन मधली जागा घेत. लाल डोक्याचे राजगिधाड एकटेदुकटे येई आणि नावाने राजा असूनही गर्दीत कडेलाच उभे राही. पांढरे गिधाड, घार व कावळा शेवटच्या फेरीचे मानकरी.

या पंगतीत माणूसही होता, आणि त्याची गोष्ट सुखाची नाही. मेलेले गुरू ओढून नेण्याचे व ते सोलण्याचे काम गावगाड्याने काही जातींवर लादले होते. ते लोक कातडे काढून नेत. मोठ्या गिधाडांच्या थव्याला नेमका त्या जाड कातड्याचाच अडथळा असल्याने सोललेले जनावर त्यांना सोपे जाई. त्यांनी मांस संपविल्यावर उरलेली स्वच्छ हाडे गोळा करणारे येत आणि ती खतासाठी व इतर उद्योगांसाठी विकत. १९२७ च्या महाड परिषदेपासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे लादलेले काम झुगारून देण्याचा आग्रह धरला. माणसाच्या प्रतिष्ठेचा तो लढा होता, आणि तो होणे आवश्यकच होते. न्याय असा होता की, ज्या समाजाने हे काम वर्षानुवर्षे फुकट करून घेतले त्याने आता त्यासाठी वेतन, वाहन आणि जागा यांची सोय करावी. बहुतेक गावांनी ती केली नाही. न करता निभावले, कारण उरलेले काम आकाशातून उतरणारे पक्षी विनामूल्य करीत होते. गावाच्या हिशेबात ज्या खर्चाची ओळच नव्हती, तो खर्च कित्येक दशके गिधाडांनी भागविला.

गिधाड जिंकत असे ते का

मेलेल्या जनावरावर हक्क सांगणारे पुष्कळ. कुत्रा, कोल्हा, उंदीर, कावळा, माशी आणि सर्वांत चिवट प्रतिस्पर्धी म्हणजे कुजविणारे जीवाणू. या साऱ्यांना मागे टाकून गिधाड पुढे राहिले याचे कारण त्याचे बळ नव्हे. एकेकट्या गिधाडाला कुत्रा सहज पळवून लावतो. गिधाडाचे भांडवल दुसरेच आहे. तापलेल्या हवेच्या झोतावर पंख न हलविता ते तासन्‌तास घिरट्या घालते, त्यामुळे अन्न शोधण्याचा त्याचा खर्च नगण्य असतो. शिवाय ते खाली जितके पाहते तितकेच शेजारच्या गिधाडाकडेही पाहते. एक खाली झेपावले की त्याला पाहून दुसरे, दुसऱ्याला पाहून तिसरे, अशी बातमी मैलोगणती पसरते आणि अर्ध्या तासापूर्वी रिकामे असलेले आकाश भरून जाते. असा मोठा थवा पाऊण तासाच्या आत एका गाईचा सांगाडा करू शकतो. गिधाडाच्या जठरातील आम्ल इतके तीव्र असते की, कुजक्या मांसातील अनेक रोगजंतू तेथेच नष्ट होतात. आणि मेलेल्याशिवाय दुसरे काही न खाणारा असा हा एकटाच मोठा गिऱ्हाईक. बाकीच्यांना शिळी भाकरी चालते, उकिरडा चालतो, कोंबडीचे पिल्लूही चालते.

हा एककल्लीपणा हेच गिधाडाचे सामर्थ्य, आणि मर्मस्थानही तेच. वर्षाला एक अंडे, प्रौढ व्हावयास सुमारे पाच वर्षे, आणि मग दीर्घ आयुष्य, असा त्याचा संसार. मोठी गिधाडे सहसा मरत नाहीत या गृहीतावर तो चाललेला असतो.

एका स्वस्त सुईची किंमत

डायक्लोफेनॅक हे वेदना आणि सूज कमी करणारे औषध माणसांसाठी जुनेच. त्यावरील स्वामित्वहक्काची मुदत संपून ते स्वस्त झाले आणि १९९० च्या दशकाच्या मध्यापासून जनावरांनाही टोचले जाऊ लागले. लंगडणारा बैल दुसऱ्या दिवशी औताला उभा राहतो, दगडी झालेल्या कासेची गाय पुन्हा पान्हा सोडते. शेतकऱ्याने ते घ्यावे यात नवल ते काय? औषधाच्या किमतीत जे दिसत नव्हते ते शेतकऱ्याने पाहावे, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल.

मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात पक्ष्यांची मोजदाद करीत असत. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथे पांढऱ्या पाठीच्या गिधाडांच्या साडेतीनशेच्या आसपास जोड्या वीण घालीत. २००३ पर्यंत एकही उरली नाही. पक्षी झाडावर माना टाकून बसत आणि काही दिवसांनी खाली पडत. प्रथम एखाद्या विषाणूचा संशय होता. कारण सापडले ते पाकिस्तानात. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात मेलेल्या गिधाडांची तपासणी दिली आहे. ज्यांचे मूत्रपिंड निकामी होऊन अवयवांवर यूरिक आम्लाचे पांढरे थर साचले होते, अशा २५ पक्ष्यांच्या शरीरात डायक्लोफेनॅकचा अंश सापडला, २५ पैकी २५. ज्यांना हा विकार नव्हता अशा १३ पक्ष्यांत तो एकातही नव्हता. इतका निःसंदिग्ध पुरावा विज्ञानात सहसा मिळत नाही.

औषध टोचलेले जनावर एकदोन दिवसांत दगावले तरच विष गिधाडापर्यंत पोहोचते, आणि अशी जनावरे शेकडा एकाहूनही कमी असली तरी एवढा ऱ्हास होण्यास पुरेशी आहेत, असे गणिताने सिद्ध झाले. एका जनावरावर शंभर पक्षी जेवतात आणि प्रत्येक पक्षी वर्षभरात कितीतरी जनावरांवर जेवतो; तेव्हा एकत्र जेवण्याची जी रीत त्याला स्पर्धेत पुढे ठेवीत होती, तीच घातक ठरली. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९.९ टक्क्यांनी घटली. लांब चोचीच्या दोन जाती मिळून घट जवळजवळ ९७ टक्के. पंगतीच्या कडेला बसणारेही सुटले नाहीत. २००३ पर्यंतच्या सुमारे दशकभरात राजगिधाड ९१ टक्क्यांनी तर पांढरे गिधाड ८० टक्क्यांनी कमी झाले होते.

जागा घेतली, काम घेतले नाही

बाजाराचे पाठ्यपुस्तक सांगते की, एक दुकानदार उठला तर त्याची गिऱ्हाइके शेजारचा घेतो आणि गिऱ्हाइकाचे काही अडत नाही. गिधाडे उठल्यावर झालेही तसेच. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात गाई-बैल सुमारे १९ कोटी आणि म्हशी-रेडे सुमारे ११ कोटी होते. एवढ्या पशुधनातील मृत्यूंचे मांस ही लहान संपत्ती नव्हे. ती बेवारस पडल्यावर तिच्यावर हक्क सांगायला कुत्री आली, उंदीर आले. कुत्रीची विण्याची मुदत जेमतेम दोन महिने, एका वेतात चारपाच पिल्ले, आणि वर्षातून दोनदा विणेही शक्य. गिधाडाच्या एका पिल्लाला पहिले अंडे घालण्याची वेळ येईपर्यंत कुत्र्यांच्या कित्येक पिढ्या होऊन जातात.

पण कुत्र्याने जागा घेतली, काम घेतले नाही. तो जनावर अर्धेमुर्धे खातो आणि बाकीचे दिवसेंदिवस कुजत राहते. त्याचे जठर रोगजंतूंचा निकाल लावीत नाही. तो उडून जात नाही. गावाच्या वेशीवरच राहतो, टोळी करतो आणि मेलेले संपले की जिवंत शेळीकडे किंवा शाळेतून परतणाऱ्या मुलाकडे वळतो. अलर्क हा रोग गिधाडाकडून माणसाला होत नसे, कुत्र्याकडून होतो. हाडे गोळा करणाऱ्यांनाही मांस चिकटलेली, दुर्गंधीची हाडे मिळू लागली आणि त्यांचा धंदा बसला.

या अदलाबदलीची किंमत काढण्याचे दोन प्रयत्न लक्षणीय आहेत. अनिल मार्कंड्य आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये हिशेब मांडला की, गिधाडांच्या ऱ्हासामुळे कुत्री किमान ५५ लाखांनी वाढली, त्यांनी सुमारे ३ कोटी ८५ लाख जादा चावे घेतले, अलर्काने ४७,००० हून अधिक जादा माणसे दगावली आणि १९९३ ते २००६ या काळातील एकूण तोटा सुमारे ३४ अब्ज डॉलर इतका झाला. इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांचा २०२४ मध्ये गाजलेला अभ्यास याहून पुढे जातो. ज्या जिल्ह्यांत पूर्वी गिधाडांना अनुकूल परिसर होता आणि ज्यांत तो नव्हता, अशांची त्यांनी डायक्लोफेनॅकपूर्वी व नंतर तुलना केली. पहिल्या गटात माणसांचा मृत्युदर चार टक्क्यांहून अधिक वाढलेला दिसला. अलर्काच्या लशीची विक्री वाढली. पाण्यातील विष्ठाजन्य जंतूंचे प्रमाण वाढले. त्यांच्या अंदाजाप्रमाणे २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख जादा मृत्यू झाले आणि दरवर्षीचे नुकसान ६९ अब्ज डॉलरच्या वर गेले.

हे आकडे जसेच्या तसे डोक्यावर घेण्याचे कारण नाही. माणसाच्या जिवाला डॉलरमध्ये भाव लावण्याची रीत अर्थशास्त्रात रूढ असली तरी ती कोणाला समाधान देणारी नाही, आणि जिल्ह्याजिल्ह्यांची तुलना कितीही काटेकोर केली तरी तीत इतर कारणे मिसळण्याचा धोका उरतोच. तथापि हिशेब निम्म्यावर किंवा चौथाईवर आणला, तरी एका स्वस्त वेदनाशामकाने वाचविलेला पैसा त्याच्या पासंगालाही पुरत नाही, हे कबूल करावे लागते.

स्पेनमध्ये हाच प्रश्न उलट्या बाजूने उभा राहिला. तेथे गिधाडे होती, पण गाईंच्या मेंदूरोगाच्या भीतीने २००१ नंतर युरोपात मेलेली जनावरे उघड्यावर टाकण्यास बंदी आली आणि ती ट्रकांतून कारखान्यांत नेऊन जाळली जाऊ लागली. या वाहतुकीतून वर्षाला सुमारे ७७,००० टन कार्बन डायऑक्साइडइतके प्रदूषण होते, असे तेथील संशोधकांनी २०१५ मध्ये मोजले. गिधाडांचे काम यंत्राला दिले तर त्याचे भाडे किती पडते, याचा तो एक नमुना. श्रीमंत देश ते भाडे भरू शकतो. आपल्या ग्रामपंचायतीने कशातून भरावे?

महाराष्ट्राच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या कायद्याने राज्यात बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. या कायद्याच्या गुणदोषांची चर्चा येथे अप्रस्तुत होय. पण जी जनावरे पूर्वी खाटिकखान्यात जात त्यांतील काही आता गोठ्यात किंवा रस्त्यावर मरणार, आणि त्यांची विल्हेवाट कोणी तरी लावावयास हवी, हे साधे अंकगणित कायदा करताना पुढे यावयास हवे होते.

धागा कुत्र्यापाशीही संपत नाही. अहिल्यानगर, तेव्हाच्या अहमदनगर, जिल्ह्यातील अकोले परिसरात ऊस आणि वस्त्या यांच्या मध्ये राहणाऱ्या बिबट्यांच्या विष्ठेची विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी तपासणी केली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात बिबट्यांच्या आहारातील ८७ टक्के वाटा पाळीव व माणसावर अवलंबून असलेल्या प्राण्यांचा निघाला, आणि एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. अकोल्यातील कुत्री गिधाडांच्या अभावी वाढली असे हा अभ्यास म्हणत नाही. परंतु कुत्र्यांची गर्दी जेथे वाढते तेथे तिच्यामागून कोण येते, हे त्यातून स्पष्ट होते. मुंबईत मलबार हिलच्या डुंगरवाडीत वेगळाच पेच पडला. पारशी समाजाच्या अंत्यविधीत शतकानुशतके गिधाडांचा वाटा होता. ती गेल्यावर घारी-कावळे होतेच, पण त्यांच्याने ते काम होईना. शेवटी सूर्यकिरण एकवटणारे परावर्तक बसवावे लागले.

बंदीनंतर

जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर भारताने २००६ मध्ये बंदी घातली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना सुरक्षित असलेले औषध त्याच सुमारास पुढे आले होते. ते तितकेच गुणकारी असल्याने शेतकऱ्याचे काही अडणार नव्हते. पण माणसांसाठीच्या औषधाच्या मोठ्या कुप्या बाजारात राहिल्या आणि त्या गोठ्यापर्यंत पोहोचत राहिल्या. कुपीचा आकार ३ मिलिलिटरवर आणण्यास २०१५ उजाडले. किटोप्रोफेन आणि असिक्लोफेनॅक या दोन घातक औषधांवर २०२३ मध्ये, तर निमेसुलाइडवर २०२४ च्या अखेरीस बंदी आली. म्हणजे रोगाचे कारण कळल्यापासून चार औषधे आवरण्यास वीस वर्षे लागली. एवढ्या अवधीत कुत्र्यांच्या किती पिढ्या झाल्या असतील याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

हरियाणातील पिंजोर येथे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि तेथील वनखाते यांनी पिंजऱ्यात गिधाडांची वीण करण्याचे केंद्र चालविले आहे. तेथील वीस गिधाडे २०२४ मध्ये महाराष्ट्रात ताडोबा आणि पेंच येथे आणून, काही महिने मोठ्या पिंजऱ्यांत सरावल्यावर, मोकळी सोडण्याचा उपक्रम झाला. त्यांच्या पाठीवर ठावठिकाणा सांगणारी यंत्रे बसविली होती. अभयारण्याच्या हद्दीत त्यांना निर्धोक मांस घालता येते, आणि ते घालणेही योग्यच. पण गिधाडाला हद्द ठाऊक नसते. ताडोबात सोडलेले त्यांतले एक पांढऱ्या पाठीचे गिधाड काही महिन्यांत राज्यामागून राज्ये ओलांडीत तामिळनाडूपर्यंत उडत गेले. वाटेत ते ज्या ज्या गावी उतरले असेल तेथे मेलेल्या गुरापाशी बहुधा कुत्री आधीच बसलेली असणार. आणि त्या गुराला मरणापूर्वी कोणते इंजेक्शन दिले होते, याची नोंद त्या गावात असेलच असे नाही.